डाव्या बाजूच्या पोरी

“डावीकडच्या पोरी बघ,” मोहितेबाई म्हणाल्या आणि स्कूटर स्टँडवर चढवून तडक पंचांच्या टेबलाकडे निघून गेल्या.

मी तिथेच उभी राहिले. साखर कारखान्याच्या वसाहतीतलं मैदान होतं. गळीत हंगाम जोरात चालू होता आणि मळीचा आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता. मुलींचे कबड्डीचे सामने चालले होते. चुन्याच्या रेषा, कडेला सतरंज्या, कर्ण्यातून कुणाचं तरी भाषण. असं मैदान मी शंभर वेळा पाहिलं असेल, पण त्या दिवशी पायाला चैन पडेना. कारण डावीकडची पोर म्हणजे मीच होते.

मिरजेच्या उदयश्री महिला मंडळाच्या संघात मी नऊ वर्षं डावा कॉर्नर खेळत होते. समोरच्या संघाची बाई चढाईला आली की सगळ्यात कडेला, सगळ्यात खाली वाकून जी उभी असते, ती कॉर्नर. चढाईवालीचा घोटा धरणं हे तिचं काम. तिचा हात धरून शेजारी उभी असते ती कव्हर. कॉर्नरनं घोटा धरला की कव्हरनं त्याच क्षणी अंगावर जायचं आणि परतीची वाट बंद करायची. माझी कव्हर शकीला मुल्ला. बेकरीवाल्या मुल्लांची मुलगी, माझ्याच वयाची. आम्ही दोघींनी मिळून किती जणींना घरी पाठवलं होतं त्याला गणती नाही.

पण आम्ही तिशीला टेकलो होतो. डिसेंबरात कराडच्या अंतिम सामन्यात आमच्याहून दहा-दहा वर्षांनी लहान पोरींनी आमची धूळधाण केली. त्यानंतर पंधरवडाभर मोहितेबाई, आमच्या प्रशिक्षक, आमच्याशी धड बोलल्या नाहीत. मग एक दिवस सराव संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “रविवारी माझ्याबरोबर चल. पोरी बघायच्यात. पुढच्या तीन वर्षांची टीम आत्ताच बांधायला घेतली पाहिजे. आणि कुणाजवळ बोलू नकोस.”

“मी कशाला बाई?”

“कॉर्नरला कॉर्नरच ओळखतो.”

एवढं ऐकल्यावर आणखी काय विचारायचं? माझी जागा भरायची होती आणि ती भरणारी पोरगी मीच शोधायची होती. मी कुणालाच बोलले नाही. शकीलालाही नाही.

त्या मैदानावर मी दोन पोरी बघितल्या. खरं सांगायचं तर त्यांच्या चुका बघितल्या. एक उंच होती, हात लांब, पण वाकायची नाही. दुसरी चपळ, पण चढाईवाली आत आली की डोळे मिटायची. मी बाईंना धडाधड सांगत सुटले. हिचा गुडघा असा, तिची नजर तशी, हिला दम नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तू पोरगी बघायला आलीयस का खोट काढायला?”

“आहे ते सांगितलं.”

“आहे ते अर्धं सांगितलंस. दोघीही वाईट नव्हत्या. पण असू दे, मला पण पटल्या नाहीत. चल, अजून एक गाव आहे.”

तासगावच्या अलीकडे आडवाटेला वाघोशी म्हणून गाव आहे. तिथे जत्रेचे सामने होते. स्कूटरवर बाईंच्या मागे बसून मी सगळी वाट मनातल्या मनात बोलत होते. नसेल कुणी तिथे. खेड्यातल्या पोरी, काय असणार? नाहीच मिळाली तर बाई म्हणतील, जया, एक वर्ष काढ अजून.

पोचलो तेव्हा सामना चालूच होता. मैदानाच्या कडेला माणसं दाटीवाटीनं उभी होती. बाईंनी कोपरानं वाट काढली. मी मागून गेले आणि डाव्या कोपऱ्यात नजर टाकली.

पोरगी सतरा वर्षांची असेल नसेल. सावळी, ठेंगणी, केस गच्च बांधलेले. चढाईवाली तिच्यापुढे नाचत होती, हूल देत होती, आणि ही नुसती उभी. बाकीच्या पोरी चढाईवालीच्या हाताकडे बघत होत्या. ही कमरेकडे बघत होती. कमरेकडे बघायचं असतं हे मला कळायला चार मोसम लागले होते.

चढाईवालीनं बोनस रेषेपलीकडे पाय टाकला, बोनसचा गुण घेऊन गेली. पुढच्या वेळी परत तसाच पाय टाकला, परत गुण घेऊन गेली. लोक ओरडायला लागले, “ए सारिका, झोपलीस काय!” पोरगी हलली नाही. तिसऱ्यांदा तीच चढाईवाली तोच पाय जरा निर्धास्त होऊन टाकायला गेली आणि काय झालं ते कळायच्या आत तिचा घोटा सारिकाच्या दोन्ही हातांत होता. आधीचे दोन्ही गुण तिनं मुद्दाम दिले होते.

लोकांनी फेटे उडवले. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मला दोष पाहिजे होता. मी डोळे फाडून शोधत राहिले. उरलेल्या सामन्यात मला एकच सापडला. झेप घेताना ती शेजारणीचा हात जरा लवकर सोडत होती. तो चार दिवसांत सुटणारा दोष होता.

सामना संपला. पोरगी नळावर जाऊन गुडघ्याची माती धूत होती.

“बोल,” बाई म्हणाल्या.

मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होते.

“उंची कमी आहे ना?” त्यांनीच पुढे केलं.

आता विचार करते तेव्हा वाटतं, बाईंनी मला वाट मोकळी करून दिली होती. हो म्हटलं असतं तर चाललं असतं. उंची कमी आहे, मोठ्या संघापुढे बुजेल, दोन वर्षांनी बघू. माझा शब्द बाई मोडत नसत. ‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं.

“उंचीचं काही नाही,” मी म्हणाले. “घ्या तिला. दुसरं कुणी न्यायच्या आत आजच घ्या. येत्या मोसमात डाव्या कॉर्नरला हीच.”

“नक्की?”

“नक्की.”

बाई सारिकाच्या वडिलांशी बोलायला गेल्या. जमदाडे त्यांचं आडनाव, द्राक्षाच्या बागेवर मुकादम होते. मी स्कूटरशी येऊन उभी राहिले. वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. उलट हलकं वाटलं, दाढ काढून टाकल्यावर वाटतं तसं. दुखणं जातं आणि जीभ सारखी तिथे जात राहते.

परतताना बाई एका टपरीवर थांबल्या. चहा सांगितला, ओल्या शेंगांची पुडी घेतली. पुडीतल्या सात शेंगा काढून त्यांनी बाकावर अर्धगोलात मांडल्या.

“ही आपली टीम. आता बघ.” त्यांनी डाव्या टोकाची शेंग उचलली. “इथे सारिका.” तिथे दुसरी शेंग ठेवली. “पोरगी नवी आहे, तिच्या शेजारी डोकं पाहिजे. जाणतं माणूस पाहिजे. म्हणून इथे तू.” आणि हातातली शेंग त्यांनी शेजारच्या जागेवर सरकवली.

“मी? कव्हरला?”

“मग? तुला काय वाटलं, तुला घरी बसवायला नेलं होतं?”

“आणि शकीला?”

तिथली मूळची शेंग बाईंच्या बोटांत होती. त्यांनी ती फोडली आणि दाणे तोंडात टाकले. त्यांच्या मनात काही नव्हतं, भूक लागली होती एवढंच. पण मला ते बघवलं नाही.

“तू दोन्ही खेळू शकतेस, ती एकच,” बाई चावत म्हणाल्या. “तीन वर्षांचा विचार करायचा तर एकीला थांबावं लागणार. मंगळवारी पोरगी येतेय सरावाला. तेव्हा मीच सांगेन शकीलाला. तू बोलू नकोस.”

“बाई, त्यापेक्षा मी थांबते.”

“टीम मी बांधतेय जया. चहा घे, निवतोय.”

घरी आले. विलास, माझे मालक, एसटीत मेकॅनिक होते. त्यांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, काही नाही. सोमवारी सकाळी नगरपालिकेत कामावर जायला निघाले आणि पाय आपोआप बेकरीकडे वळले.

शकीला गल्ल्यामागे उभी राहून टोस्ट पिशव्यांत भरत होती. भट्टीची ऊब बाहेरपर्यंत येत होती. तिचा मोठा भाऊ रफीकभाई आत होता. तो नेहमी म्हणायचा, खेळ थांबला की शकीला कायमची गल्ल्यावर. शकीला हसायची, म्हणायची, मग तुमचं दिवाळं निघेल.

“एवढ्या सकाळी?” ती म्हणाली. “खारी देऊ?”

“बाहेर ये.”

आम्ही सायकलींपाशी उभ्या राहिलो. मी सगळं सांगितलं. कारखाना, वाघोशी, सारिका, मी काय बोलले, बाई काय बोलल्या. शेंगा सोडून सगळं. शकीलाच्या हातात पिशवीचा दोरा होता, तो ती बोटाला गुंडाळत होती.

“तू हो म्हणालीस तेव्हा तुला काय वाटलं होतं?” तिनं विचारलं.

“मला वाटलं माझी जागा जाणार.”

“आणि ते तू मला सांगणार नव्हतीस.”

“बाई म्हणाल्या होत्या कुणाला...”

“त्या ‘कुणाला’त मी येते?”

दोरा तिनं बोटाला आणखी आवळला.

“नऊ वर्षं माझा हात धरून खेळलीस जये. एक दिवस सरावाला आले असते तर शेजारी भलतीच पोरगी. तू घरी. आणि मला पत्ता नाही. तुला त्यात मोठेपणा वाटला होता ना?”

“शकीला, मी बाईंना परत सांगते. मी थांबते, तू खेळ.”

“खबरदार!” ती एवढ्या जोरात बोलली की आतून रफीकभाईनं डोकावून बघितलं. तिनं आवाज खाली आणला. “दिलेली जागा मला नको. पोरगी खरंच चांगली आहे?”

“आहे.”

“तुझ्यापेक्षा?”

“आत्ता नाही. वर्षभरात होईल.”

तिनं मान हलवली. बोटावरचा दोरा सोडवला. “जा, कामाला उशीर होतोय तुला,” म्हणाली आणि आत गेली.

मंगळवारी मी मैदानावर सगळ्यांच्या आधी पोचले. सारिका वडिलांबरोबर आली. नवीकोरी हाफ पँट, तिला ती सारखी खाली ओढत होती. मग बाई आल्या, बाकीच्या आल्या. शकीला येणार नाही असं मला वाटत होतं. ती आली. नेहमीसारखी केसांना रुमाल बांधून. बाई तिला बाजूला घ्यायला निघाल्या, तेवढ्यात तीच म्हणाली, “बाई, मला ठाऊक आहे. पण आधी खेळून बघू. आम्हाला बघू दे तरी.”

बाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “ठीक. जया कव्हरला. शकीला, तू कडेला उभी राहा.”

मी सारिकाचा हात धरला. घामेजलेला, थंड हात होता. चढाईला आमची सुनंदा आली, आमच्यातली सगळ्यात धिप्पाड. सुनंदानं पाय टाकला, सारिका झेपावली, घोटा हातात आला. अगदी चोख पकड. आणि मी... मी थांबले.

फार नाही. पापणी लवते तेवढंच. नऊ वर्षं मी थांबत आले होते. कॉर्नरचं सगळं कसब थांबण्यात असतं, वजन पायावर येऊ द्यायचं आणि मग हात घालायचा. ते अंगात मुरलेलं होतं. मी अंगावर गेले तोवर सुनंदानं त्या पोरीला फरफटत मधल्या रेषेपर्यंत नेलं होतं.

“परत,” बाई म्हणाल्या.

परत तेच झालं. मला कळत होतं काय करायचं आहे. डोकं सांगत होतं, आता! आणि अंग म्हणत होतं, थांब जरा. पुढच्या खेपेला मी आधीच झेपावले, तर सुनंदा मला चुकवून निघून गेली. सारिकाचं कोपर सोलून निघालं. तिचे वडील कडेला अस्वस्थ होऊन उभे राहिले होते.

“बाई, मी बोलू?” शकीला म्हणाली.

“बोल.”

“जयाला कव्हर जमणार नाही.” ती माझ्याकडे न बघता, बाईंच्या डोळ्यांत बघून बोलत होती. “ती थांबते. कॉर्नरनं थांबायचं असतं, कव्हरनं थांबून भागत नाही. महिनाभर शिकवलंत तरी ऐन सामन्यात थांबणारच. एक दिवस या पोरीचा खांदा निखळेल. पोरीला घ्यायचं असेल तर जयाला बसवा. मला नाही.”

बाई म्हणाल्या, “तू जा हिच्या शेजारी.”

मी रेषेबाहेर आले. शकीला आत गेली, सारिकाचा हात धरला आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटली. सुनंदा चढाईला आली. पाय, झेप, पकड, आणि त्याच श्वासात शकीला तिच्या छातीशी आडवी. सुनंदा जागची हलू शकली नाही. बाईंनी दुसऱ्यांदा करायला सांगितलंच नाही.

“जया?” बाईंनी हाक मारली.

दोन दिवसांपूर्वी मीच म्हटलं होतं, मी थांबते. काल परत म्हटलं होतं. मी आपल्या हातानं ताट वाढून द्यायला निघाले होते, आणि आता शकीलानं चारचौघांत ताटच पुढ्यातून ओढून घेतलं होतं. दोन्हींत ताट जाणारच होतं. मग मला एवढं का लागावं? पण लागलं. अंगाची लाही झाली.

“बरोबर बोलतेय ती,” मी म्हणाले आणि नळावर जाऊन पाय धुवायला लागले.

थोड्या वेळानं शकीला आली. शेजारचा नळ सोडला.

“राग आला?”

“आला.”

“येऊ दे. मला पण काल आला होता.” तिनं तोंडावर पाणी मारलं. “पण तू खोटं बोलली नव्हतीस. मी पण नाही बोलले.”

मी नळ बंद केला. पिशवी उचलली आणि घरी आले.

बाईंचा निरोप आला, बाहेर बसून बघायला ये, मला डोळे पाहिजेत. मी गेले नाही. संध्याकाळ झाली की घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या. भांडी घासलेली परत घासायची. पोळ्या करताना पाय आपोआप कॉर्नरच्या पवित्र्यात वाकायचे. विलास एकदा म्हणाले, “अगं जा की एकदाची मैदानावर. फरशा झिजवशील घरातल्या.” मी त्यांच्यावर ओरडले. मग त्यांनी विषय काढला नाही. शकीलाही आली नाही. तिचा स्वभाव तसाच. एकदा बोलली की दुसऱ्यांदा समजूत काढायला यायची नाही.

मार्चमध्ये इचलकरंजीला मोठी स्पर्धा होती. सकाळी मी कामावर जाते म्हणून निघाले आणि स्टँडवर जाऊन इचलकरंजीच्या गाडीत बसले. मैदानावर पोचले तेव्हा सामना सुरू होत होता. बाईंनी मला बघितलं, काही विचारलं नाही, बाकावर सरकून जागा केली.

बाहेर बसून सामना बघणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. सुरुवातीला मी फक्त डावा कोपरा बघत होते. सारिका चांगली खेळत होती. हात लवकर सोडायची तिची खोड जवळजवळ गेली होती. तिनं पहिली पकड केली तेव्हा टाळ्या वाजल्या, माझे हात मात्र मांडीवरच राहिले. मग हळूहळू नजर शेजारी सरकली. तिथे काहीतरी बिनसत होतं. समोरची चढाईवाली सारिकाकडे बघून हूल द्यायची आणि ऐन वेळी उलटी वळून शकीलाला शिवून जायची. एकदा, दोनदा, तीनदा. जणू शकीला कधी झेपावणार ते तिला आधीच कुणी सांगत होतं. बाई चडफडत होत्या, “हिला झालंय काय आज?”

मी पुढे वाकले. हात बघितले, खांदे बघितले. मग पाय बघितले.

मध्यंतराला आम्ही पाच गुणांनी मागे होतो. पोरी बाकाशी आल्या. शकीला धापा टाकत होती. मला बघून ती थबकली, मग सरळ माझ्यासमोर उकिडवी बसली. ‘कशी आहेस’ नाही, ‘कधी आलीस’ नाही.

“काय चुकतंय?”

“डावा पाय,” मी म्हटलं. “झेपायच्या आधी तुझा डावा पाय टिचभर पुढे येतो. टाच उचलतेस तू. ती तुझ्या टाचेकडे बघून खेळतेय.”

तिनं स्वतःच्या पायाकडे बघितलं. “कधीपासून?”

“पहिल्यापासून असणार. आजची सवय नाही ही.”

“नऊ वर्षं शेजारी होतीस. कधी बोलली नाहीस?”

“शेजारून दिसत नव्हतं.”

ती माझ्या हातातली बाटली घेऊन घटाघटा पाणी प्याली, उरलेलं मानेवर ओतलं. शिट्टी झाली. सारिका तिची वाट बघत हात पुढे करून उभी होती. शकीला आत गेली आणि तो हात धरला.

उत्तरार्धाची पहिली चढाई त्यांची होती. तीच बाई आली. सारिकापुढे नाचली, हूल दिली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शकीलाची टाच शोधायला लागली. टाच जमिनीला चिकटलेली होती. ती बाई गोंधळली, आणखी एक पाऊल आत आली.

मी बाकावरून उठून उभी राहिले होते. बाई खाली बस म्हणत होत्या, मागची माणसं ओरडत होती. मला कुणाचंच ऐकू येत नव्हतं.